८४ दिवसांचा मुक्काम, ८६ दिवसांची चाचणी: जर्मनीतल्या एका उन्हाळी संशोधन-इंटर्नशिपचे प्रकरण

पुणे परिसरातल्या एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयातली यांत्रिकी शाखेची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी २०२५ च्या उन्हाळ्यात दक्षिण जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या बॅटरी प्रयोगशाळेत १२ आठवड्यांसाठी जाते. विषय ठरतो: लिथियम-आयन सेल वापरून वापरून कसा थकतो, त्याची मोजणी. विद्यार्थिनी आणि प्रयोगशाळा नमुन्यादाखल उभ्या केल्या आहेत आणि सेलची रीडिंगही तशीच. पण नियम, सुट्ट्यांच्या तारखा आणि वेळेचा हिशोब खरा आहे. हे प्रकरण निवडण्याचे कारण एवढेच, की अशा मुक्कामात बहुतेक गोष्टी बिघडतात त्या विद्यार्थ्याच्या हुशारीवरून नव्हे, तर घड्याळावरून.

मूळ आराखडा आणि त्यातली चूक

प्रवेशाच्या ईमेलसोबत तिने पाठवलेला दोन पानी आराखडा वाचायला नेटका होता. १८६५० आकाराचे, म्हणजे १८ मिमी व्यासाचे आणि ६५ मिमी उंचीचे १२ सेल घ्यायचे. प्रत्येकाची क्षमता ३ अँपिअर-तास. अर्धे २५ अंशांवर आणि अर्धे ४५ अंशांवर ठेवून ५०० सायकल चालवायच्या, दर १०० सायकलींनंतर क्षमता आणि इम्पिडन्स (उलटसुलट वाहणाऱ्या करंटला सेलचा होणारा विरोध) मोजायचा, शेवटी आलेख.

आता गणित मांडू. १ सी दराने, म्हणजे ३ अँपिअरने डिस्चार्ज केला तर एक तास. चार्ज निम्म्या दराने, १.५ अँपिअरने, ४.२ व्होल्टपर्यंत, आणि मग व्होल्टेज स्थिर ठेवून करंट उतरेपर्यंत थांबायचे. या सगळ्याला अडीच तास धरा. दोन्ही टोकांना १५-१५ मिनिटांची विश्रांती. एक सायकल चार तासांची झाली. ५०० सायकलींचे २,००० तास, म्हणजे ८३ दिवस आणि ८ तास, तेही यंत्र रात्रंदिवस एकदाही न थांबता चालले तर. त्यात सुरुवातीची धरून सहा तपासण्या, प्रत्येकी साधारण १२ तासांच्या, म्हणजे आणखी तीन दिवस. चाचणी ८६ दिवसांची आणि कार्यक्रम ८४ दिवसांचा! शिवाय त्या प्रयोगशाळेत चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या यंत्राचे मोकळे चॅनल आठच होते, आणि सेल १२.

हे गणित पाचवी-सहावीच्या पोरालाही जमेल, पण आराखडा लिहिताना ते कोणी करत नाही. कारण शोधनिबंध वाचताना ‘५०० सायकलींनंतर’ हे दोन शब्द डोळ्यांखालून झर्रकन जातात. त्यामागे कोणीतरी तीन महिने तापमान स्थिर ठेवणारा चेंबर अडवून बसलेले असते, ते दिसत नाही.

१२ सेल पुण्याहून सामानात न्यायचे, हीही एक कल्पना होती. ती पहिल्याच ईमेलला बाद झाली, आणि झाली ते बरे. विमानात सुटे लिथियम सेल केबिन बॅगेत चालतात ते प्रवाशाच्या स्वतःच्या वापरातल्या उपकरणांसाठीचे. संशोधनाचे नमुने त्यात बसत नाहीत. ते धोकादायक माल म्हणून, ‘यूएन ३८.३’ या लिथियम बॅटऱ्यांच्या वाहतूक-सुरक्षा चाचणीच्या कागदांसह, रीतसर पाठवावे लागतात.

८४ दिवसांतले कामाचे दिवस किती

कामाची सुरुवात सोमवार, १२ मे. शेवट रविवार, ३ ऑगस्ट. बारा आठवडे गुणिले पाच, म्हणजे ६० दिवस. त्यातून २९ मेचा स्वर्गारोहण दिन, ९ जूनचा पेंटेकॉस्टचा सोमवार आणि १९ जूनची कॉर्पस क्रिस्ती वजा. यातल्या पहिल्या दोन सुट्ट्या देशभर असतात; तिसरी दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या काही राज्यांतच. पहिली आणि तिसरी गुरुवारी येते, त्यामुळे मधला शुक्रवार रजा टाकून चार दिवस गाठायचे ही तिकडची रीत. आपल्याकडे दिवाळीला जोडून करतात तसेच. प्रयोगशाळा ३० मे आणि २० जूनलाही बंद राहिली. उरले ५५ दिवस.

पहिले १२ दिवस हाती काही लागत नाही, हे आधीच धरून चालायचे. प्रवेशकार्ड आणि संगणकाचे खाते यांत पहिला आठवडा जातो. (पासवर्ड टाकताना जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेडच्या जागा उलट असतात, पहिल्या दिवशी खाते लॉक होण्याचे ते एक हमखास कारण.) सुरक्षा प्रशिक्षण सहीनिशी झाल्याशिवाय प्रयोगशाळेत हात लावता येत नाही, तो तिकडे औपचारिकतेचा भाग नाही, कायद्याने दरवर्षी करायचा आणि नोंदवायचा आहे. बॅटरी प्रयोगशाळेत त्यात असते ते असे: हातातले कडे, अंगठी, धातूचा पट्टा असलेले घड्याळ काढून ठेवणे, कारण सेलची दोन टोके त्यांनी जोडली गेली तर करंट कित्येक पटींनी वाढतो आणि चामडी भाजते, फुगलेला किंवा ठोकर बसलेला सेल वाळूच्या डब्यात टाकणे, एकट्याने जोखमीचे काम न करणे. या शेवटच्या नियमामुळे ‘रात्री बसून भरून काढू’ हा आपल्याकडचा हुकमी उपाय तिकडे चालत नाही. रात्री चालतात ती फक्त चेंबरच्या आतली, बंदोबस्तातली प्रोग्रॅम केलेली कामे.

मग यंत्राचे प्रशिक्षण. ते देणारा तंत्रज्ञ सहसा एकच असतो. या प्रकरणात तो १० ते २० जून रजेवर जाणार होता, कारण त्या राज्यात शाळांना पेंटेकॉस्टची दोन आठवड्यांची सुट्टी असते आणि मुलेबाळे असलेला माणूस तेव्हाच रजा घेतो. हे पहिल्याच आठवड्यात विचारले गेले म्हणून प्रशिक्षण २७ मेपर्यंत आटोपले. नाहीतर २३ जून उजाडला असता.

५५ मधून सुरुवातीचे १२ आणि शेवटचे पाच, अहवाल आणि हस्तांतराचे, वजा केले की ३८ उरतात. बारा आठवड्यांच्या मुक्कामात प्रत्यक्ष मोजमाप आणि विश्लेषण यांना मिळणारे दिवस ३८. आराखडा या आकड्यावर बेतायचा असतो.

बदललेला प्रश्न

मार्गदर्शक म्हणून पत्रावर सही प्राध्यापकांची असते, पण रोजचे मार्गदर्शन पीएच.डी. करणारा एखादा संशोधक करतो. त्याच्याशी डिसेंबरमध्येच व्हिडिओ कॉल झाला आणि आराखडा उलटा फिरवला गेला. सेल थकवायचे नाहीत. प्रयोगशाळेकडे आधीच्या प्रकल्पातले थकलेले सेल आहेत, ते मोजायचे. तीन नवे, तीन ३०० सायकली झालेले, तीन ६०० झालेले, सगळे एकाच मॉडेलचे. प्रत्येकाचा इम्पिडन्स तीन चार्ज-पातळ्यांवर (२०, ५०, ८० टक्के) आणि तीन तापमानांवर (१०, २५, ४० अंश). नऊ सेल गुणिले नऊ स्थिती, ८१ स्पेक्ट्रम, म्हणजे वारंवारिता बदलत घेतलेल्या मोजमापांचे ८१ संच.

वारंवारिता १० किलोहर्ट्झपासून १० मिलिहर्ट्झपर्यंत, वारंवारितेच्या दर दहापटीच्या टप्प्याला दहा बिंदू. १० मिलिहर्ट्झला एकच लहर १०० सेकंदांची असते, म्हणून सगळा वेळ खालच्या टोकाला जातो: एकेका बिंदूला एकेक लहर घेतली तरी आठ मिनिटे, तीन लहरींची सरासरी घेतली तर २५. नऊ सेलना पावणेचार तास. तापमान बदलल्यावर सेल आतपर्यंत त्या तापमानाला यायला तीन तास द्यायचे. चेंबरचा टायमर पहाटे पाचला लावला की साडेआठला मोजणी सुरू आणि जेवणापर्यंत एक स्थिती पूर्ण. दुपारी दुसरी स्थिती कोंबता आली असती. ती कोंबली नाही, दुपार त्याच दिवशीच्या फाइल तपासायला ठेवली. हा निर्णय पुढे कामी आला. नऊ दिवस मोजणीचे, तीन दिवस चार्ज-पातळी लावण्याचे: १२ दिवसांत काम बसते, आणि बिघाडाला जागा उरते.

चार्ज-पातळी लावताना एक चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. ५० टक्के कशाचे? छापील क्षमतेचे की सेलमध्ये आज उरलेल्या क्षमतेचे? ६०० सायकली झालेल्या सेलमध्ये ३ ऐवजी २.५५ अँपिअर-तास उरले असतील आणि पूर्ण चार्जवरून डोळे झाकून १.५ काढून घेतले, तर तो सेल ५० नव्हे, ४१ टक्क्यांवर येतो. मग नव्या-जुन्यात दिसणारा फरक थकव्याचा की पातळीचा, हे सांगता येत नाही. म्हणून आधी प्रत्येक सेलची क्षमता सी/३ दराने, म्हणजे १ अँपिअरने, मोजायची, मग त्याच्या निम्मी काढायची, मग दोन तास विश्रांती.

३ जूनची दुपार

२ आणि ३ जूनला दोन स्थिती मोजून झाल्या, १८ स्पेक्ट्रम. दुपारच्या तपासणीत दोन गोष्टी निघाल्या.

पहिली हास्यास्पद. यंत्राचा संगणक जर्मन मांडणीचा. तिथे दशांशासाठी स्वल्पविराम आणि रकान्यांमध्ये अर्धविराम असतो. ३.६५२ व्होल्ट फाइलमध्ये ‘३,६५२’ म्हणून येतात आणि भारतीय मांडणीच्या एक्सेलमध्ये ते निमूटपणे तीन हजार सहाशे बावन्न होतात. चूक ठळक असली तर लक्षात येते. पण काही रकान्यांत पूर्णांक असतात, ते बरोबर दिसतात, आणि माणूस फसतो. पायथनमध्ये फाइल वाचतानाच दशांशचिन्ह आणि विभाजक सांगून टाकला की प्रश्न मिटतो.

दुसरी गंभीर होती. नव्या तीन सेलचा ओहमिक रोध, म्हणजे इम्पिडन्समधला साध्या विरोधाचा भाग, २२, २३ आणि ४७ मिलीओहम. एकाच खोक्यातल्या तीन नव्या सेलमध्ये दुप्पट फरक सेलचा नसतो, जोडणीचा असतो. सेल स्प्रिंगच्या होल्डरमध्ये बसवले होते. ४ जूनला एकच सेल पाच वेळा काढून पुन्हा बसवून मोजला: रीडिंग ३ मिलीओहमच्या पट्ट्यात हलत होते, आणि एकदा तर थेट २५ ने वर गेले. नवा आणि ६०० सायकलींचा सेल यांच्यातला अपेक्षित फरकच मुळात पाचेक मिलीओहमचा. म्हणजे मोजायचे ते होल्डरच्या हालचालीतच बुडत होते.

उपाय नेहमीचा आहे: सेलच्या टोकांवर निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्ड करायच्या आणि चार तारांची जोडणी घ्यायची, करंट एका जोडीतून आणि व्होल्टेज दुसऱ्या जोडीतून, दुसरी जोडी सेलच्या जितकी जवळ जमेल तितकी. करंटच्या तारा एकमेकींभोवती पिळायच्या, नाहीतर त्यांचा फास उच्च वारंवारितेला आलेख खाली ओढतो आणि ओहमिक रोध वाचायचा बिंदूच सरकतो. वेल्डिंग विद्यार्थ्याने करायचे नसते, ते तंत्रज्ञाचे. आणि तंत्रज्ञाचा रजेआधीचा शेवटचा दिवस शुक्रवार, ६ जून. पट्ट्या त्या दिवशी दुपारी लागल्या. फेरजोडणीतला फरक ०.२ मिलीओहमवर आला.

१८ स्पेक्ट्रम टाकून दिले. तपासणी आठवड्याच्या शेवटी करायची पद्धत असती, तर चूक रजेच्या काळात उघडी पडली असती आणि दोन आठवडे हात बांधून बसावे लागले असते. दुपार मोकळी ठेवण्याची किंमत इथे वसूल झाली.

इथेच एक सवयीची गोष्टही सांगायला हवी. ४७ चा आकडा तिला २ जूनलाच दिसला होता. ‘सगळे ठीक?’ या प्रश्नावर उत्तर गेले ‘हो’. आपल्याकडे मोठ्यांच्या प्रश्नाला ‘हो सर’ म्हणणे ही रीतभात. तिकडे त्या ‘हो’चा अर्थ तंतोतंत ‘हो’ असाच घेतला जातो आणि विषय संपतो. शंका असेल तर ती आकड्यासकट सांगायची: तीनपैकी एक सेल दुप्पट दाखवतो आहे, का ते कळत नाही. असे सांगणाऱ्याला तिकडे कोणी कच्चा समजत नाही.

१० जूनपासून मोजणी पुन्हा सुरू झाली आणि २७ जूनला संपली. मध्ये आणखी एक धडा. २५ अंशांवर मोजणीसाठी सेलमध्ये सोडलेला ३०० मिलीअँपिअरचा संकेत योग्य होता, व्होल्टेजचा प्रतिसाद दहा मिलिव्होल्टच्या आत राहत होता. १० अंशांवर तोच संकेत ठेवला तर थंड सेलचा इम्पिडन्स कित्येक पटींनी वाढलेला असल्याने प्रतिसाद ३० च्या वर जातो, आणि तिथे सेल रेषीय वागत नाही. संकेत १०० वर आणावा लागला. मोजमाप रेषीय आणि सुसंगत आहे का हे तपासणारी क्रामर्स-क्रोनिग कसोटी लावली जात होती म्हणून हे सापडले. तीन स्थितींची फेरमोजणी २ जुलैपर्यंत झाली. पुढचे तीन आठवडे विश्लेषण.

कागद आणि पैसा

जर्मनीसाठी डीएएडी या जर्मन शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचा ‘वाइज’ हा भारतीय विद्यार्थ्यांकरताचा उन्हाळी कार्यक्रम तेव्हा होता, पण तो ठरावीक संस्थांच्या यादीपुरता; या विद्यार्थिनीचे महाविद्यालय त्यात नव्हते. तिला यजमान गटाकडून थोडे मानधन आणि बाकी घरचे, असे जुळवावे लागले. डीएएडीच्या शिष्यवृत्तीत विमा येतो; अशा स्वतंत्र मुक्कामात तो आपला आपण पाहायचा. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा) ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण पुरते, पण प्रयोगशाळा त्याशिवाय दायित्व विमाही मागते, म्हणजे हातून एखादे उपकरण पडले तर भरपाईची सोय. प्रवासविम्यात तो असला तरी ‘कामाच्या ठिकाणी झालेले नुकसान वगळून’ अशी ओळ बारीक अक्षरांत असते. ती वाचायची.

निमंत्रणपत्रात पैशाचा उल्लेख एकाच शब्दाने व्हावा. पहिल्या मसुद्यात एका ओळीत ‘मानधन’ आणि दुसरीत ‘पगार’ होते. पगार म्हटले की नोकरी, आणि नोकरीचे नियम वेगळे. पत्र बदलून घेतले, मगच अर्ज भरला.

व्हिसाचा हिशोब दिवसांचा असतो. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९०, आणि पोहोचल्याचा व निघाल्याचा दोन्ही दिवस धरून. ती ११ मेला उतरली, ४ ऑगस्टला निघाली: ८६ दिवस. जुलैच्या शेवटी गटाने आणखी दोन आठवडे थांबायला सुचवले, तेव्हा हाती चारच दिवस होते. वाढ मिळते ती आजारपण, अडकून पडणे अशा कारणांनी, प्रयोग अर्धा राहिला म्हणून नव्हे. दोन आठवडे जास्त लागतील अशी शंका आधीच असेल तर सुरुवातीलाच राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज करावा; त्याला वेळ जास्त लागतो आणि कागदही जास्त. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो मार्चमध्ये गेला. एप्रिलमध्ये केला असता तर परीक्षेच्या तोंडावर पासपोर्ट दूतावासात, अशी स्थिती आली असती.

राहण्याचे गणित तिकडच्या सत्रावर चालते. उन्हाळी सत्र एप्रिल ते सप्टेंबर, व्याख्याने जुलैच्या उत्तरार्धापर्यंत. म्हणजे मेमध्ये वसतिगृहे भरलेली असतात आणि खोल्या रिकाम्या होतात त्या आपण परत निघताना. कोणाची तरी खोली तात्पुरती घेणे हाच मार्ग. तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला पत्ता नोंदवण्याची सक्ती नाही, ही सोय वाटते. पण नोंदणीचा कागद नसला की बँकेत खाते उघडणे अवघड होते. म्हणून फॉरेक्स कार्डावर भागवायचे, आणि अनामत रकमेचे काय ते लेखी ठरवूनच पैसे द्यायचे. परत आल्यावर घरमालकाला भारतीय खात्यात रक्कम पाठवायला सांगणे म्हणजे पाठपुराव्याचे नवे काम. इथे अनामत शेवटच्या महिन्याच्या भाड्यात वळती करायचे ठरले. देशभर चालणारा मासिक प्रवासपास २०२५ मध्ये ५८ युरोंचा होता. तो वर्गणीसारखा आपोआप पुढे सुरू राहतो आणि महिन्याच्या १० तारखेपर्यंत बंद केला नाही तर पुढचा महिनाही लागतो. ऑगस्टसाठी तो १० जुलैलाच बंद करायला हवा होता. केला १४ ला. ५८ युरो गेले.

परतीचा हिशोब

महाविद्यालयाचे सातवे सत्र जुलैच्या मध्यावर सुरू झाले होते. जवळपास तीन आठवड्यांची हजेरी बुडणार, हे माहीत असल्याने विभागप्रमुखांची लेखी परवानगी एप्रिलमध्येच घेतली होती. तोंडी ‘जा, बघू’ वर गेलेल्यांची ७५ टक्क्यांच्या नियमात पुढे ओढाताण होते.

खरी अडचण विदेची, म्हणजे डेटाची. जुने सेल एका उद्योगाच्या प्रकल्पातून आलेले, त्यामुळे मोजमापे तिच्या हातची असली तरी मालकी तिची नव्हती. ती गोपनीयतेच्या कागदावर पहिल्या आठवड्यात सही करून बसली होती; तो कागद नीट वाचला गेला तो जुलैत, बी.ई. प्रकल्पात हे आलेख वापरायचे ठरल्यावर. तडजोड निघाली: सेलचे मॉडेल लपवायचे, क्षमता आणि रोध मूळ आकड्यांऐवजी नव्या सेलच्या टक्केवारीत दाखवायचे, आणि छापण्यापूर्वी गटाला मसुदा दाखवायचा. ही परवानगी ईमेलवर, प्राध्यापकांकडून, निघण्याआधी घेतली. शोधनिबंध झाला तर नाव लेखकांत की आभारात, हेही त्याच ईमेलमध्ये.

राहिले प्रमाणपत्र. जर्मन प्रमाणपत्रात सहसा तारखा असतात, तास नसतात. आपल्याकडे एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या धोरणानुसार इंटर्नशिपचे एक क्रेडिट ४० ते ४५ तासांचे, त्यामुळे तासांशिवायचा कागद परीक्षा विभागात अडतो. ५५ दिवस, रोज आठ तास, ४४० तास, असा मसुदा तिने घरूनच टाइप करून नेला होता. सही ३१ जुलैला झाली. दुसऱ्या दिवसापासून प्राध्यापकांच्या ईमेलवर २५ ऑगस्टपर्यंत रजेचे आपोआप उत्तर येत होते.